संरक्षणात घेतलेल्या माणसाला न्यायचे कुठे?

1912 च्या कायद्यात रस्त्यावर भटकणाऱ्या 'वेड्या'ला पोलिसांनी अटक करावी, असे सरळ लिहिलेले होते. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याने 'अटक' काढून 'संरक्षणात घेणे' असा शब्द आणला, पण रस्ता जुनाच ठेवला. 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचे, त्यांचा आदेश घ्यायचा आणि मग रुग्णालय गाठायचे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हा रस्ताच बदलला. कलम 100 प्रमाणे पोलिसांनी आता त्या माणसाला थेट जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे आहे. मध्ये कोर्ट नाही.

हा कायदा 2018 पासून लागू आहे. तरी आजही अनेक ठिकाणी रुग्णालयाच्या खिडकीवर पोलिसांना पहिला प्रश्न विचारला जातो, "कोर्टाची ऑर्डर आणलीत का?" आणि रुग्णाच्या आईला पोलीस ठाण्यात विचारले जाते, "ॲम्ब्युलन्सला फोन केलात का?" ॲम्ब्युलन्सला फोन केला की तिकडून उत्तर येते, "पेशंट हिंसक असेल तर आधी पोलिसांना बोलवा." या टोलवाटोलवीत एक माणूस ठाण्याच्या बाकड्यावर रात्रभर बसून राहतो.

मानसिक संकटातल्या माणसाशी पोलीस कसे वागतात याची चर्चा आपल्याकडे संवेदनशीलतेपाशी सुरू होते आणि प्रशिक्षणापाशी संपते. प्रशिक्षण हवेच, कायद्याच्या कलम 30 नेही ते सरकारवर बंधनकारक केले आहे. पण खरी अडचण रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. कितीही समजूतदार हवालदार असला तरी त्या माणसाला घेऊन तो ज्या दारात जाईल ते दार उघडत नसेल, तर त्याची समजूत पहाटेपर्यंत टिकत नाही. आधी दार उघडले पाहिजे.

कलम 100 नेमके काय सांगते, ते ठाण्याच्या भिंतीवर लावण्याइतके सोपे आहे. हद्दीत भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी आणि मानसिक आजार असावा असे वाटणारी व्यक्ती दिसली, तर तिला संरक्षणात घेणे हे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका ठरेल अशी हद्दीतली कोणतीही व्यक्ती, मग ती घरात असली तरी, याच कलमात येते. तिला का नेतो आहोत हे सांगायचे. तिला समजत नसेल तर तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे तिच्या वतीने उपचारांचे निर्णय घ्यायला कायद्याप्रमाणे नेमलेल्या माणसाला, सांगायचे. जितक्या लवकर शक्य असेल तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचे नाही, आणि याला अपवाद नाही.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली 24 तासांची. अटकेतल्या आरोपीबाबतच्या सवयीमुळे ही मुदत पोलिसांना हक्काची वाटते. सकाळी साहेब आले की बघू, गाडी मोकळी झाली की नेऊ, असे चालते. पण कायद्याने हा आकडा कमाल मर्यादा म्हणून दिला आहे. गावात रुग्णालय तीन किलोमीटरवर असेल तर 'शक्य तितक्या लवकर' याचा अर्थ अर्धा तास होतो. दुसरी चूक जास्त महाग पडते. कायदा 'जवळचे सरकारी रुग्णालय' म्हणतो, आणि पोलिसांच्या डोक्यात मात्र येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरी येते. राज्यातली ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये. सोलापुरातल्या माणसाला अडीचशे किलोमीटरवर येरवड्याला न्यायचे म्हटले की गाडी, डिझेल, दोन अंमलदार आणि पूर्ण दिवस लागतो. तेवढे मनुष्यबळ मोकळे नसते, म्हणून माणूस तिथेच सोडून दिला जातो. प्रत्यक्षात कायद्याला पहिल्या तपासणीसाठी मनोरुग्णालय अपेक्षितच नाही. सिव्हिल, उपजिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, जे जवळ असेल ते चालते. पुढे कुठे पाठवायचे हे तिथले वैद्यकीय अधिकारी ठरवतील.

याला भक्कम वैद्यकीय कारणही आहे. बडबडणारा, कपडे फाडणारा, कुणालाही न ओळखणारा माणूस 'वेडसर' दिसतो, पण त्याच्या रक्तातली साखर 40 पर्यंत उतरलेली असू शकते. डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झालेला असू शकतो. मेंदूज्वर असू शकतो, मेंदूत गेलेला मलेरिया असू शकतो. वृद्ध माणसात नुसते सोडियम कमी झाले तरी भ्रम होतो. आणि पोलिसांनी विशेष लक्षात ठेवावी अशी अवस्था म्हणजे दारू अचानक तुटल्यावरचा उन्माद. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला अटक होते, दारू बंद होते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात तो थरथरू लागतो, घामाने भिजतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, आकडी येते. लॉकअपमध्ये हे नाटक समजले जाते. उपचार न मिळाल्यास यात जीव जातो. म्हणून रुग्णालयात पोहोचताच रक्तातली साखर, ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, डोळ्यांच्या बाहुल्या आणि डोक्यावरची जखम हे सारे आधी पाहायचे असते. साखरेची तपासणी मिनिटभराची आहे. तिच्याशिवाय कुणालाही मनोरुग्ण ठरवू नये.

योग्य कलम माहीत नसले की हाताशी असलेले कलम लावले जाते. सार्वजनिक ठिकाणी गोंधळ म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे 110/117. भांडण होईल म्हणून प्रतिबंधक कारवाई, पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे 151 आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचे 170. कधी 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली उचलून भिक्षेकरी गृहात. या प्रत्येक कारवाईचा छापील नमुना तयार आहे, तिला क्रमांक मिळतो, ती महिन्याच्या तक्त्यात दिसते. कलम 100 खाली एका अंमलदाराने चार तास घालवून एखाद्याला सुखरूप रुग्णालयात पोहोचवले तर ते बहुतेक वेळा स्टेशन डायरीतली एक ओळ होऊन राहते. पोलिसांना माणुसकी शिकवण्याआधी हे काम त्यांच्या कामात धरले जाईल अशी व्यवस्था करायला हवी.

आत्महत्येच्या प्रयत्नाबाबत तर कायदा आणि व्यवहार यांतले अंतर जीवघेणे आहे. 2017 च्या कायद्याचे कलम 115 सांगते की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरावे आणि तिच्यावर खटला चालवू नये. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे दंड संहितेचे जुने कलम 309 राहिलेले नाही. उरले आहे ते 226, आणि ते फक्त सरकारी सेवकाला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याला काही करायला भाग पाडण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते. तरी 'पोलीस केस होईल' ही भीती घराघरांत तशीच आहे. विदर्भ-मराठवाड्यात कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाला घेऊन आलेले नातेवाईक म्हणूनच सांगतात की चुकून गेले, पाणी समजून प्याले, थोडेच होते. डॉक्टरला हवी असते ती बाटली. कोणते औषध, किती, किती वाजता. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले कीटकनाशक असेल तर ॲट्रोपिन लगेच आणि पुरेसे द्यावे लागते; तणनाशक असेल तर उपचारांची सगळी दिशा वेगळी. भीतीपोटी लपवलेल्या अर्ध्या तासाने माणूस हातचा जातो. जबाब घ्यायला गेलेल्या अंमलदाराने वॉर्डात शिरताच "तुमच्यावर केस होणार नाही, औषधाची बाटली आणली असेल तर डॉक्टरांना द्या" एवढे बोलले, तरी त्याचा उपयोग जबाबाहून मोठा असतो.

आता घटनास्थळ. तिथे पोलिसांची सगळी शिकवण उलट्या दिशेने ओढते. गुन्हेगारासमोर झटपट ताबा मिळवायचा असतो, आवाज चढवायचा असतो, संख्याबळ दाखवायचे असते. तीन रात्री झोप नसलेल्या, सगळे आपल्याला मारायला टपलेत अशी खात्री झालेल्या माणसासमोर नेमके हेच केले तर त्याची खात्री पक्की होते. म्हणून सायरन आणि दिवा गल्लीच्या तोंडाशीच बंद करायचा. बोलायचे एकानेच, बाकीच्यांनी गर्दी मागे सारायची आणि मोबाइलवर चाललेले चित्रण थांबवायचे. दोन हातांहून जास्त अंतर ठेवायचे, बाहेर पडायची वाट दोघांनाही मोकळी राहील असे उभे राहायचे. वाक्ये छोटी, एका वेळी एक सूचना, आणि उत्तरासाठी वेळ. "काका, मी पवार, पोलीस. कुणी तुम्हाला हात लावणार नाही. पाणी घेता का?" भ्रमाला दुजोरा द्यायचा नाही आणि तो खोटा आहे असा वादही घालायचा नाही. "मला ते आवाज येत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय हे दिसतंय," हे वाक्य दोन्ही टाळते. शेवटचे कधी झोपलात, कधी जेवलात, कोणती गोळी चालू होती, ती कधी बंद केली, हे विचारायचे. यातले शेवटचे उत्तर डॉक्टरसाठी फार मोलाचे असते. घरच्यांना औषधांची पाकिटे आणि जुने कागद पिशवीत भरून द्यायला सांगायचे; निघायच्या घाईत ते हमखास घरीच राहतात.

हातात कोयता असेल तर? तर अंतर वाढवायचे, मध्ये गाडी किंवा दार ठेवायचे आणि थांबायचे. त्या क्षणी कुणाच्या जिवाला धोका नसेल तर थांबण्यात पोलिसांचे काहीही बिघडत नाही. पाऊण तास बोलण्यात गेला म्हणून ठाण्यातून विचारणा होऊ नये, ही जबाबदारी वरिष्ठांची.

आणि धरावे लागलेच तर एक गोष्ट प्रत्येक अंमलदाराला पाठ असायला हवी. माणसाला पालथे पाडून, हात मागे बांधून, पाठीवर किंवा मानेवर गुडघा ठेवून बसले की छाती आणि पोट फुगायला जागा राहत नाही. झटापटीत शरीराला प्राणवायू जास्त हवा असतो आणि मिळतो कमी. तो जास्त धडपडतो ते श्वासासाठी. वर बसलेल्यांना तो विरोध वाटतो आणि ते वजन वाढवतात. 'बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे' ही समजूत चुकीची आहे. तो एकाएकी शांत झाला तर काम झाले असे समजू नये. तीच धोक्याची खूण आहे. बेड्या लागल्या त्याच क्षणी कुशीवर वळवायचे किंवा उठवून बसवायचे, तोंडावर काहीही बांधायचे नाही, जीपच्या तळाशी पालथे टाकून न्यायचे नाही. अमेरिकेत रॉचेस्टर शहरात मार्च 2020 मध्ये डॅनियल प्रूड या मानसिक संकटातल्या माणसाचा मृत्यू असाच झाला: डोक्यावर जाळीची पिशवी, अंग उघडे, थंडीच्या रात्री रस्त्यावर दाबून धरलेला. त्याच्या भावाने मदतीसाठी फोन केला होता. आपल्याकडे दोरखंड, ओढण्या आणि साखळ्या वापरल्या जातात. साखळीने बांधणे कलम 95 ने कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे.

महिलांबाबत एक गैरसमज आहे, तोही लिहून ठेवतो. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही, म्हणून रात्री स्टेशनवर भटकणाऱ्या आजारी बाईला हात लावायचा नाही, असे मानले जाते. तो नियम अटकेचा आहे. संरक्षणात घेणे ही अटक नव्हे. महिला अंमलदार सोबत हवी, पण सकाळपर्यंत तिला फलाटावर सोडणे हे त्या नियमाच्या हेतूच्या अगदी विरुद्ध आहे.

आता गाडीचा प्रश्न. कलम 21 म्हणते की शारीरिक आजाराच्या रुग्णाला ज्या रीतीने आणि ज्या दर्जाची ॲम्ब्युलन्स मिळते, त्याच रीतीने आणि त्याच दर्जाची ती मानसिक आजाराच्या रुग्णालाही मिळाली पाहिजे. हृदयविकाराच्या झटक्याला कुणी "आधी पोलिसांना बोलवा" म्हणत नाही. महाराष्ट्रात 2014 पासून 108 ची ॲम्ब्युलन्स सेवा आहे आणि गाडीवर डॉक्टर असतो. कलम 94 प्रमाणे जीव वाचवण्यासाठी किंवा गंभीर इजा टाळण्यासाठी आणीबाणीचे उपचार कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक करू शकतो, 72 तासांपर्यंत, अगदी रुग्णाच्या घरीसुद्धा. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञच हवा असे नाही. म्हणजे कायदा आहे, गाडी आहे, डॉक्टर आहे. हवे आहे ते 112 (पोलिसांचा आणीबाणीचा क्रमांक) आणि 108 च्या नियंत्रण कक्षांतले एक ठरलेले वाक्य: मानसिक संकटाचा फोन कुठेही आला तरी ॲम्ब्युलन्स निघेल, आणि शस्त्र किंवा हिंसेचा उल्लेख असेल तर पोलीसही निघतील. पोलिसांचे काम जागा सुरक्षित ठेवणे; रुग्ण ॲम्ब्युलन्सचा. पिंजऱ्याच्या गाडीतून नेलेल्या माणसाला पूर्ण गल्ली गुन्हेगार समजते, आणि बरा होऊन परतल्यावर त्याला त्याच गल्लीत राहायचे असते.

या कामात जगभर नाव घेतले जाते ते अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या पोलिसांचे. 1987 मध्ये तिथल्या पोलिसांनी चाकू हातात असलेल्या एका आजारी तरुणाला गोळ्या घातल्या. 1988 मध्ये शहराने स्वेच्छेने पुढे आलेल्या अंमलदारांचे खास पथक उभे केले, त्यांना 40 तासांचे प्रशिक्षण दिले. ते 40 तास अनेक ठिकाणी उचलले गेले. मेम्फिसचा दुसरा अर्धा भाग मात्र कमी उचलला गेला: शहरातले एक सरकारी रुग्णालय पोलिसांनी आणलेल्या कुणालाही नाकारत नसे, आणि अंमलदार थोड्या वेळात मोकळा होऊन गस्तीवर परतत असे. रुग्णालयात नेणे हे कोठडीत टाकण्याहून सोपे झाले, म्हणून अंमलदार रुग्णालयात नेऊ लागले. आपल्या प्रत्येक जिल्ह्यात किमान एक असे दार हवे. जिल्हा शल्यचिकित्सक आणि पोलीस अधीक्षकांनी सही केलेले एक पान पुरेल: कोणते रुग्णालय, कोणता कक्ष, रात्री कोण, मेडिकल यादी (तपासणीसाठी पोलिसांनी दिलेले पत्र) कुणी स्वीकारायची, कोर्टाचा आदेश मागायचा नाही, आणि अर्ध्या तासात पोलिसांना मोकळे करायचे.

'पोलिसांना यातून पूर्ण बाहेर काढा' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ब्रिटनमध्ये हंबरसाइड पोलिसांनी 2020 पासून आरोग्याचे फोन आरोग्य खात्याकडे वळवायला सुरुवात केली आणि पुढे लंडनने तेच केले. तत्त्व बरोबर आहे. पण पोलीस मागे सरण्याआधी दुसरे कुणी पुढे आलेले नसेल तर फोन करणाऱ्याला कुणीच मिळत नाही, ही टीका तिथे झाली आणि ती रास्त आहे. अमेरिकेतल्या युजीनमध्ये 1989 पासून परिचारिका आणि समुपदेशक गाडीतून फिरत, पोलिसांऐवजी तेच पोहोचत. पैशाच्या ओढाताणीत ती गाडी 2025 मध्ये त्या शहरात बंद पडली. आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकसुद्धा नाहीत. 2019 च्या एका अंदाजानुसार देशात हे प्रमाण सुमारे 0.75 होते. अशा परिस्थितीत रात्री दोन वाजता दार वाजवणारे हात पोलिसांचेच असणार आहेत. 14416 ही टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत सेवा 2022 पासून चोवीस तास चालते. निदान गाडीतल्या अंमलदाराने आणि सिव्हिलच्या ड्यूटी डॉक्टरने तिचा सल्ला घ्यावा.

गोव्याला इथे एक नैसर्गिक सोय आहे. गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि मनोविकार संस्था दोन्ही बांबोळीतच असल्यामुळे शारीरिक तपासणी आणि मानसिक उपचार यांच्यात काही मिनिटांचे अंतर आहे. इतक्या छोट्या राज्यात एकच दार ठरवणे खरे तर एका बैठकीचे काम आहे.

रुग्णालयात पोहोचवल्यावर पोलिसांचे काम संपते, असेही नाही. भरती करण्याची गरज नाही असे डॉक्टरांनी सांगितले तर त्या माणसाला घरी, आणि बेघर असेल तर सरकारी निवाऱ्यात सोडणे कलम 100 नेच पोलिसांवर टाकले आहे. बेघर किंवा भटकताना सापडलेल्या व्यक्तीसाठी मिसिंगचा, म्हणजे बेपत्ता असल्याचा, एफआयआर नोंदवून कुटुंबाचा शोध घ्यायचा आहे. हे सर्वांत जास्त विसरले जाते. रेल्वेने तर माणसे फार दूरवरून येतात. आंध्र, ओडिशा, बंगालमधला माणूस कल्याणला उतरतो आणि त्याची भाषा ठाण्यात कुणालाच कळत नाही म्हणून तो 'असंबद्ध बोलणारा' ठरतो. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने असे असंख्य लोक बरे करून घरी पोहोचवले. त्याच कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचा अनुभव साधा आहे: उपचार सुरू झाले, माणूस शांत झाला, की तो स्वतःच गावाचे, तालुक्याचे नाव सांगू लागतो. तोवर त्याचा फोटो आणि खुणा ज्या ठाण्यात नोंदलेल्या असतील त्या त्याच्या गावच्या ठाण्यातल्या मिसिंगशी जुळवून पाहणारा एक अंमलदार लागतो.

म्हणून प्रत्येक ठाण्यात कलम 100 ची वेगळी नोंदवही हवी. तिच्यात रकाने थोडेच: संरक्षणात किती वाजता घेतले, कोणत्या गाडीने नेले, रुग्णालयात किती वाजता पोहोचलो, डॉक्टरने किती वाजता पाहिले, नाकारले असेल तर कुणी आणि काय कारण देऊन, मिसिंग क्रमांक, घरचे सापडले का. दर महिन्याला ती वही अधीक्षक आणि शल्यचिकित्सक यांनी एकत्र बसून पाहावी, आणि पोहोचल्याची वेळ ते डॉक्टरने पाहिल्याची वेळ यांतल्या अंतराचा जाब तिथल्या तिथे विचारला जावा.